अबोला कसा मोजतात?

[दृश्य: हवाई बेट. मौना लोआच्या लाव्हावर पांढरा घुमट.]

जानेवारी 2017. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 मीटर उंचीवर सहा जण या घुमटात राहायला गेले. मुक्काम आठ महिन्यांचा. बाहेर पडायचं तर स्पेससूट घालून, आणि बाहेरच्या जगाशी बोलायचं तर संदेश पोचायला 20 मिनिटं. ही मंगळावरच्या मुक्कामाची रंगीत तालीम. हाय-सीज नावाचा हा प्रकल्प तेव्हा हवाई विद्यापीठाचा होता, पैसा नासाचा. मंगळावर गेलेल्यांचं आपसात बिनसलं, तर ते वेळेत कळावं कसं, हा त्यातला एक मोठा प्रश्न.

त्यासाठी प्रत्येकाच्या गळ्यात सेन्सर. तो आवाजाची पातळी मोजतो आणि इतरांपासूनचं अंतरही. भांडण तसंही सगळ्यांना ऐकू येतं. सेन्सरचा खरा उपयोग अबोला पकडायला.

सहा जण म्हणजे 15 जोड्या. सगळ्यांची मिळून सरासरी काढली की बिनसलेली जोडी त्यात झाकली जाते. म्हणून प्रत्येक जोडीची नोंद वेगळी ठेवायची आणि तिची तुलना तिच्याच आधीच्या दिवसांशी करायची. मुळातच कमी बोलणाऱ्यांवर उगाच ठपका नको.

[दृश्य: गळ्यातला सेन्सर-बॅज, जवळून.]

अशा बॅजमध्ये साधारणपणे माइक, ब्लूटूथ आणि हालचाल टिपणारा अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. शब्द साठवायची गरज नसते. कोण किती वेळ बोललं, कोणी कोणाला मध्येच तोडलं, एवढं पुरतं.

आता फसतं कुठे? अंतर काढतात ते ब्लूटूथ सिग्नलच्या जोरावरून. ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. नुसती पाठ फिरवली तरी सिग्नल 6 डेसिबलनं पडू शकतो, आणि हिशोबात अंतर दुप्पट दिसतं. उलट, पातळ पार्टिशनपलीकडे झोपलेला माणूस ‘सोबत’ म्हणून नोंदला जातो. बॅज जॅकेटखाली गेला की माइकवर कापड घासत राहतं.

सगळ्यांत छुपा दोष बॅजमधल्या घड्याळाचा. दहा लाखांत 20 एवढी चूक असलेलं, घड्याळ चालवणारं क्रिस्टल दिवसाला 1.7 सेकंद सरकतं. बोलणं तोडणं तर अर्ध्या सेकंदात होऊन जातं! घड्याळं दर तासाला जुळवली नाहीत, तर थांबून बोलणाराच आगाऊ ठरतो.

हशा आणि आरडाओरडा नुसत्या पातळीवरून वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून रोज संध्याकाळी छोटी प्रश्नावली हवीच: आज कोणाशी खटकलं? कामावरून, की माणसावरून?

जोडीच्या नोंदींचा आलेख आधी त्या जोडीलाच दाखवावा. तो थेट वरिष्ठांकडे जातो हे कळलं, की बॅज टेबलाच्या खणात राहू लागतात. अ‍ॅक्सेलरोमीटरची रेघ सपाट असलेले तास हिशोबातून काढूनच टाकावेत.