ठेकेदाराची माणसं

(नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत लघुउद्योजकांसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. अंबडला माझं प्रेस शॉप, म्हणजे मशीनवर पत्रा दाबून भाग बनवायचा कारखाना आहे. 34 कामगार आहेत. त्यातले 21 जण बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, तिघे बंगालमधल्या मालदाचे. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच असेल.

1 मे 2020 ला नाशिक रोडहून भोपाळला गाडी सुटली. लॉकडाऊनमध्ये अडकलेल्या मजुरांना गावी नेणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या श्रमिक स्पेशलपैकी ती एक. पुढे युपी-बिहारकडे गाड्या निघू लागल्या, तेव्हा मीही माझ्या माणसांची यादी करायला बसलो. नाव, गाव, जिल्हा, आधार नंबर. हजेरीचं रजिस्टर उघडलं तर त्यात लिहिलेलं होतं, ‘यादव 1, यादव 2, लंबू, छोटू’. लंबूने चार वर्षं माझ्याकडे पॉवर प्रेस चालवली होती आणि त्याचं नाव मला माहीत नव्हतं. ठेकेदाराचा फोन बंद. चुंचाळ्याच्या खोल्यांवर गेलो तर दोन खोल्यांना कुलूप होतं, माणसं आग्रा हायवेने पायी निघून गेली होती. ते कुलूप आजही माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

डिसेंबरमध्ये लंबूचा फोन आला, मार्चचा पगार राहिला होता म्हणून. ठेकेदार सांगत होता त्यापेक्षा त्याचा आकडा 1,100 रुपयांनी जास्त होता. ओव्हरटाइमचे तास त्याला तारखेनिशी पाठ होते. मी त्याचाच आकडा धरला. ती मेहेरबानी नव्हती. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय. ‘माणसं ठेकेदाराची आहेत’ हे आपण एकमेकांना सांगतो, कायद्याने ते कधीच मान्य केलेलं नाही.

1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा आपल्यातल्या किती जणांनी वाचला होता? पाच माणसं असली की तो लागू व्हायचा, पण ती ठेकेदारामार्फत आलेली असावी लागत. बिहारमधल्या छपऱ्याहून पवन एक्सप्रेसने स्वतःच्या हिमतीवर आलेला मुलगा त्यात बसतच नव्हता. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नवीन श्रम संहिता लागू झाल्या. आता मर्यादा दहा माणसांची आहे, पण स्वतःहून आलेलाही स्थलांतरित धरला जातो. गावी जाण्यायेण्याचं भाडं वर्षातून एकदा एकरकमी देण्याची तरतूद आहे. जुन्या कायद्यात येताना अर्ध्या पगाराएवढा विस्थापन भत्ता होता, तो मात्र गेला. हे मला पटलेलं नाही. पहिल्या महिन्यात भाडं, डिपॉझिट, भांडी, गॅस सगळं अंगावर येतं आणि तिथेच माणूस उचल घेऊन अडकतो.

आता कागदांचं. आधारवर एक नाव, बँकेत दुसरं, जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली 1 जानेवारी. पीएफचा क्लेम यावरच परत येतो. म्हणून नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात दुरुस्ती करून घ्या, पाच वर्षांनी तो गावाला निघाल्यावर नको. दुसरं, जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक विचारा, आधी कुठेतरी काम केलेलंच असतं. रेशन आता कुठल्याही राज्यात मिळतं, अर्धं धान्य गावी घरच्यांना आणि अर्धं इथे असंही घेता येतं. पण माझ्या एका ऑपरेटरचे ठसे पत्रा हाताळून इतके झिजलेत की रेशन दुकानातलं मशीन ते घेतच नाही. त्याच्याबरोबर मी स्वतः दुकानात जाऊन उभा राहिलो, डोळ्यांच्या स्कॅनवर काम झालं.

मालद्याच्या मुलांचं जरा सविस्तर सांगतो. बंगाली बोलतात म्हणून घरमालकाने खोली नाकारली, एकाला पोलिसांनी बांगलादेशी समजून चौकशीला नेलं. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे खरं आहे. पण म्हणून तो मुलगा परदेशी ठरत नाही. कामावर घेतानाच आम्ही मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला, वडिलांच्या नावाचे जमिनीचे कागद यांच्या प्रती घेऊन पोलीस पडताळणी केली होती. ती फाइल घेऊन गेलो आणि संध्याकाळी तो माझ्याबरोबर परत आला. त्याच्याकडे कागद होते, पण ते घेऊन त्याच्यासाठी उभं राहणारं कुणीतरी लागतं.

कुंभमेळ्याच्या कामांमुळे सध्या माणसं मिळत नाहीत ही सगळ्यांची तक्रार आहे. पण छठ पूजेला गावी गेलेली माझी माणसं परत येतात, कारण जायच्या आधी त्यांचा हिशेब हातात असतो.

माझं रजिस्टर बरोबर आणलंय. प्रत्येक पानावर फोटो, पूर्ण नाव, गाव, घरच्यांचा फोन. चहाच्या वेळी बघा, कोरा नमुना हवा असेल त्यांनी झेरॉक्स घेऊन जा.