नेक उतरवताना

(दृश्य: बाराव्या फ्रेटवर उभी धरलेली छोटी स्टीलची पट्टी)

चार मिलिमीटर. गिटारीची जाड तार नेकवरच्या, म्हणजे लांब दांड्यावरच्या, बाराव्या फ्रेटपासून (धातूच्या आडव्या उंचवट्यापासून) इतकी वर आली आहे. अडीचच्या आसपास असती तर हात सुखाने फिरला असता. चारवर एका बोटाने सगळ्या तारा दाबून बार कॉर्ड धरायची म्हणजे बोटांना शिक्षाच.

ही मार्टिन कंपनीची डी-२८ गिटार. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, नाझरेथ गावी १९५०च्या दशकात घडलेली. वरची फळी स्प्रूसची, नेक महोगनीची, पाठ आणि कडा ब्राझिली रोझवूडच्या, म्हणजे तिथल्या शिसवीच्या. ते लाकूड पुढे मिळेनासं झालं आणि १९६९पासून डी-२८ला भारतीय शिसव लागू लागली. म्हणजे त्यानंतरच्या बहुतेक डी-२८ची पाठ आपल्याकडच्या झाडाची.

तारा वर आल्या की सगळे म्हणतात, नेक वाकली. पण लांब पट्टी फ्रेटवर ठेवून बघा, नेक जवळजवळ सरळ आहे. वाकली आहे ती पेटी, गिटारीचं पोकळ अंग! सहा तारांची मिळून ७० किलोंहून जास्त ओढ, आणि तीही वर्षानुवर्षं, दिवसरात्र. तारा ज्यात अडकवतात त्या ब्रिजमागे फळी फुगते, गोल छिद्राजवळ खचते, आणि नेक ज्या ठोकळ्यात बसवली आहे तो ठोकळा पुढे कलतो.

तीच लांब पट्टी आता ब्रिजकडे सरकवू. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकायला हवं. इथे ते तीन मिलिमीटर खाली अडतं.

नेकच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवून भागेल का? मार्टिनने फिरवता येणारा ट्रस रॉड आणला तो १९८५ साली. या नेकच्या पोटात नुसती पोलादी पट्टी आहे. आणि रॉड असता तरी तो नेकचा बाक काढतो. नेक पेटीला कोणत्या कोनात जोडली आहे, त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

एक पळवाट मात्र आहे. तारा ज्यावर टेकतात तो ब्रिजमधला सॅडल घासायचा, तो संपला की ब्रिजच तासायचा. तासाभराचं काम, तारा खाली येतात, गिऱ्हाईक खूश. पण तार सॅडलवरून नीट वळली नाही तर फळीवर दाब कमी पडतो आणि आवाजातला जीव जातो. जुन्या गिटारीचा मूळ ब्रिज रंध्याखाली घालणाऱ्याला मी तरी कारागीर म्हणणार नाही.

(दृश्य: पंधरावा फ्रेट चिमट्याने उचलला जातो)

खरा उपाय म्हणजे नेक उतरवून तिचा कोन बदलणं, आणि त्याची सुरुवात या फ्रेटपासून. पंधरावाच का? कारण त्याच्या खाली नेक आणि पेटी जोडणाऱ्या डव्हटेल (खाचेत अडकणाऱ्या पाचरीसारख्या) सांध्यातली पोकळी येते. फ्रेटच्या खाचेतून दोनेक मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि त्यातून वाफ सोडायची. कुणी त्यासाठी कॉफीचं एस्प्रेसो मशीन वापरतं, कुणी प्रेशर कुकरला नळी जोडतं. फ्रेट बसवलेल्या फळीचं, फिंगरबोर्डचं, पेटीवर चिकटलेलं टोक आधीच शेक देऊन, पातळ पात्याने सोडवलेलं असतं.

आतला सरस वाफेने मऊ पडतो. जनावरांच्या कातडीपासून केलेला हा सरस कोरडा असेतो दगडासारखा, ऊब आणि ओल मिळाली की सैल. मागे कुणी सांध्यात इपॉक्सी भरलं असेल तर ते वाफेला सहजी दाद देत नाही, आणि मग लाकूडच फाटायची भीती. इथे तसं काही नाही. नेक कुरकुरते, हलते आणि वर येते. लॅकरवरचे वाफेचे थेंब लगेच टिपायचे, नाहीतर पांढरे डाग पडतात.

सांधा वाळला की खरं काम. ब्रिजवरचे तीन मिलिमीटर भरून काढायला नेकच्या टाचेचं (पेटीला टेकणाऱ्या बुडाचं) लाकूड किती काढायचं? खालच्या टोकाला जेमतेम एक मिलिमीटर, वर फिंगरबोर्डपाशी शून्य. पटाशी आतल्या बाजूला चालते, कडेला हात लावत नाही. कडेसाठी टाच आणि पेटी यांच्यामध्ये पॉलिशपेपरची पट्टी धरून ओढायची. दोन ओढी इकडे, दोन तिकडे, पुन्हा मोजायचं. एका बाजूने जास्त ओढलं तर नेक तिरकी बसते आणि बारीक तार फिंगरबोर्डच्या काठावरून घसरू लागते.

लाकूड गेलं की डव्हटेल ढिला होतो. त्याच्या गालांवर महोगनीच्या पातळ पाचरी चिकटवतात आणि त्या घासत घासत सांधा इतका घट्ट करतात की सरस न लावताही नेक जागची हलत नाही. बराचसा वेळ यातच जातो. मग साठेक अंशांवर तापवलेला नवा सरस. तो गार व्हायच्या आत, मिनिटभरात, नेक बसवून शिकंजा आवळायचा.

पंधरावा फ्रेट परत बसतो, फ्रेटची पातळी घासून एक होते, तारा चढतात. लगेच मोजायचं नाही. रात्रभर ताण बसू द्यायचा.

(दृश्य: दुसऱ्या दिवशी, बाराव्या फ्रेटवर तीच छोटी पट्टी)

अडीच. सॅडल अजून ब्रिजच्या वर चार मिलिमीटर उभा आहे, म्हणजे पुढे थोडंफार घासायलाही जागा आहे. जुनी मार्टिन घ्यायला जाल तेव्हा हा सॅडल आधी बघा. तारा खाली असतील पण सॅडल दिसतच नसेल, तर नेक उतरवण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.