ऱ्होड्‌सची हुदेरिया

श्रोतेहो, नमस्कार.

भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात, तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून अगदी जवळ, ऱ्होड्‌स नावाचे ग्रीक बेट आहे. तेथील तटबंदीच्या आतले जुने शहर पाहायला जाणारे बहुतेक प्रवासी संत जॉनच्या सरदारांचा, म्हणजे पूर्वी बेटावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्या पंथाचा, प्रासाद पाहतात, त्या सरदारांच्या नावाच्या रस्त्यावर छायाचित्रे काढतात आणि बंदराकडे परततात. शहराच्या आग्नेय कोपऱ्यातल्या अरुंद गल्ल्यांकडे वळणारे थोडे. तिथले रहिवासी आपल्या या वस्तीला ‘ला हुदेरिया’, म्हणजे ज्यूंची आळी, म्हणत असत. आज मी आपल्याला त्या आळीत घेऊन जाणार आहे.

नाव स्पॅनिश का, असा प्रश्न येथेच पडतो. बेटावर ज्यू फार प्राचीन काळापासून राहत होते. बाराव्या शतकातला, स्पेनमधल्या तुदेलाचा ज्यू प्रवासी बेंजामिन येथे येऊन गेला, तेव्हाही त्याला त्यांची वस्ती आढळली होती. पुढे 1502 मध्ये सरदारांच्या प्रमुखाने ज्यूंना बाप्तिस्मा घ्या किंवा बेट सोडा, असा हुकूम काढला. वीस वर्षांनी, 1522 मध्ये, सुलतान सुलेमानने सरदारांना वेढा घालून हरवले आणि ऑटोमन राजवटीत ज्यूंना पुन्हा दार उघडले. स्पेनमधून 1492 मध्ये हाकलल्या गेलेल्यांचे वंशज येथे येऊन स्थिरावले, आणि ज्या देशाने त्यांना घालवून दिले त्याच देशाची भाषा त्यांनी पुढची चार शतके घरात, बाजारात आणि अंगाईगीतांत जपली. ती भाषा म्हणजे लदिनो. आळीच्या मुख्य रस्त्याला ते ‘काये आंचा’, म्हणजे रुंद रस्ता, म्हणत. प्रत्यक्षात आपल्याकडच्या एखाद्या पेठेतल्या बोळाहून तो फार रुंद आहे, असे मात्र नाही.

आळीतल्या एका गल्लीत ‘कहाल शालोम’ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, आहे. ते 1577 चे असून ग्रीसमध्ये आजही वापरात असलेल्यांपैकी ते सर्वांत जुने मानले जाते. बाहेरून ते सहज नजरेतून सुटावे इतके साधे आहे. आत गेल्यावर पायाखाली काळ्या-पांढऱ्या गोट्यांची जडवलेली फरशी लागते. समुद्रकाठचे गुळगुळीत गोटे उभे रोवून नक्षी काढण्याची ही पद्धत या बेटाचीच, त्यामुळे शेजारच्या ग्रीक घराच्या अंगणातही तशीच फरशी दिसते. मध्यभागी तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचण्याचा चौथरा आहे. तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट, म्हणजे हेखाल, बहुतेक सिनेगॉगांत एकच असते. येथे मात्र पूर्वेच्या भिंतीत दाराच्या दोन्ही अंगांना एकेक, अशी दोन आहेत. अलिबागच्या इस्रायल आळीतले सिनेगॉग ज्यांनी आतून पाहिले आहे, त्यांना हा फरक लगेच जाणवेल. स्त्रियांसाठी वरचा सज्जा 1930 च्या दशकात झाला; तोवर त्या शेजारच्या खोल्यांत बसून प्रार्थना ऐकत. त्याच खोल्यांत आता संग्रहालय आहे.

हे संग्रहालय 1997 मध्ये उभे राहिले ते लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या एका ऱ्होड्‌सवंशीयाच्या पुढाकाराने, आणि मला या आळीच्या इतिहासातली कळीची गोष्ट येथेच दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी बेटावर पोट भरेना, म्हणून तरुण मुले जहाजे धरून आफ्रिकेतल्या बेल्जियन काँगोत आणि ऱ्होडेशियात, अर्जेंटिनात, अमेरिकेत सिअॅटलला गेली. बेट 1912 पासून इटलीकडे होते. 1920 च्या दशकात येथे 4,000 च्या आसपास ज्यू होते आणि 1928 मध्ये येथे धर्मगुरू घडवणारे विद्यालयही निघाले. पण इटलीच्या 1938 च्या ज्यूविरोधी वांशिक कायद्यांनी ते बंद पडले आणि आणखी काही कुटुंबे बाहेर पडली. घरातल्यांना तेव्हा हे जाणे वियोगच वाटले असणार. पण गेलेल्यांनी सोबत नेलेली छायाचित्रे, लग्नाचे करारनामे आणि भरतकामाची वस्त्रेच पुढे या आळीचा पुरावा ठरली, कारण मागे राहिलेल्यांच्या नशिबी वेगळेच काही होते.

जुलै 1944 मध्ये, जर्मन ताब्यातल्या ऱ्होड्‌सवर, आधी ज्यू पुरुषांना आणि पाठोपाठ बायका-मुलांना हजर होण्याचा हुकूम सुटला. 23 जुलैला सुमारे 1,700 जणांना मालवाहू नौकांत कोंबले गेले. वाटेत कोस बेटावरचे ज्यूही चढवले गेले. अथेन्सजवळची छावणी, मग आगगाडी, असा प्रवास करून 16 ऑगस्टला ते आउशवित्झला, नाझींच्या मृत्युछावणीत, पोहोचले. ऱ्होड्‌सचे वाचलेले मोजून 151. तुर्कस्तानचे वाणिज्यदूत सेलाहत्तिन उल्कुमेन यांनी तुर्की नागरिकत्वाचा, आणि जिथे तो लागू नव्हता तिथे निव्वळ नात्याचा, आधार पुढे करून सुमारे 50 जणांना जर्मन सेनापतीच्या हातून सोडवले. 1989 मध्ये याद वाशेम या इस्रायलमधल्या ज्यू-संहार स्मारक संस्थेने त्यांचा गौरव केला. जुनी तोरा शहराच्या मुफ्तींनी मुराद रेईस मशिदीत, प्रवचनाच्या व्यासपीठात लपवून ठेवली आणि युद्धानंतर परत केली, असेही सांगतात.

आळीच्या मुख्य चौकाचे नाव आता ‘ज्यू हुतात्म्यांचा चौक’ आहे. तेथे तीन कांस्य समुद्रघोड्यांचे कारंजे आहे, भोवती उपाहारगृहांच्या खुर्च्या, आणि जवळच काळ्या ग्रॅनाइटचा स्तंभ. त्यावर ऱ्होड्‌स आणि कोसच्या मारल्या गेलेल्या ज्यूंचा 1,604 हा आकडा आणि एकच मजकूर सहा भाषांत कोरलेला आहे. त्यांतली एक लदिनो. बेटावर ती बोलणारे आता जवळजवळ उरलेले नाहीत.

स्थानिक ज्यूंची संख्या आज इतकी थोडी आहे की सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा प्रौढ पुरुष, म्हणजे मिन्यान, एरवी जमणे कठीण. उन्हाळ्यात मात्र सिअॅटलहून, केपटाऊनहून, ब्रुसेल्सहून नातवंडे-पतवंडे लग्नासाठी किंवा बार मित्झ्वासाठी, म्हणजे मुलगा वयात आल्याच्या धार्मिक विधीसाठी, येतात, भिंतीवरच्या फलकात आपले आडनाव शोधतात, आणि त्या दिवशी कहाल शालोममध्ये दहांपेक्षा जास्त माणसे असतात.

नमस्कार.