निलगिरी ओली असतानाच फोडा

(घणाचे घाव. पाचर लाकडात रुतते आणि अडकते.)

हा ओंडका सहा महिने उन्हात पडून होता. आता पाचर आत जाते, पण बाहेर यायचं नाव घेत नाही. निलगिरीची ही खोड जुनी. तिचे तंतू सरळ वर चढत नाहीत. वाढीच्या एका थराला पीळ डावीकडे, तर पुढच्या थराला उजवीकडे. ओलेपणी हे थर त्यातल्या त्यात सुटतात. वाळले की एकमेकांना सोडतच नाहीत.

म्हणून झाड तोडलं की लगेच फोडायला घ्यायचं. घाव मधोमध नको, कडेकडेने ढलप्या काढत आत सरकायचं. गाठीशी झुंजू नका, तिथे करवत लावा.

फोडायचं आणखी एक कारण आहे. ओल बाहेर पडते ती मुख्यतः कापलेल्या टोकांतून; बाजूने साल तिला अडवते. अखंड ओंडक्याला टोकाशी भेगा पडतात, तो वाळल्यासारखा दिसतो आणि पोटात ओलाच राहतो. त्यापेक्षा वजनकाटा बरा. समजा, 10 किलोच्या ढलपीत निम्मं पाणी आहे. जळणात ओल फार तर 20 टक्के चालते, म्हणजे ही ढलपी सव्वासहा किलोवर यायला हवी. पावणेचार किलो पाणी वाऱ्याने न्यायचं. उरलं तर त्याची वाफ करण्यात आगीची ऊब खर्च होणार.

(रचलेली रास.)

खाली आडवे वासे, वर पत्रा, बाजू मोकळ्या. ताडपत्रीत गुंडाळलेल्या राशीला बुरशी धरते. वर्ष तरी लागतंच, जाड ढलप्यांना दोन.

‘निलगिरीत तेल असतं, ओलीसुद्धा पेटेल,’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तेल असतं ते मुख्यतः पानांत. वाळकी पानं भुरकन पेटतात, तेव्हा ती आणि काटक्या आधी लावा. घट्ट लाकूड आग उशिरा धरतं, पण त्याचा निखारा बराच वेळ टिकतो. ओलं लाकूड घालून वर हवाही कोंडली, तर धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि एखाद्या दिवशी धुराडंच पेटतं.

(दोन ढलप्या एकमेकींवर आपटतात.)

हा बद्द आवाज ओल्या ढलप्यांचा.

(दुसरी जोडी.)

आणि ही खणखणीत जोडी दोन वर्षांपूर्वी फोडलेली.