कानातलं गाणं आणि रस्त्यावरची शिट्टी

श्रोतेहो, नमस्कार. जेवणं झाली असतील. नसतील तर ताटावर बसून ऐका, काही बिघडत नाही.

आजचा विषय असा, की लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणाऱ्यानं कानात गाणी लावावीत की नाही. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला मध्येच ढोरांना चारा टाकायला उठायचं असेल तर उठता येईल. सरावाला, मैदानाच्या आत, खुशाल लावा. शर्यतीत, उघड्या रस्त्यावर, लावू नका. पुन्हा सांगतो. मैदानात लावा, रस्त्यावर नको.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षं पी.टी. शिकवली. पहाटे साडेचारला आमच्या भागातल्या कोणत्याही डांबरी रस्त्यानं जा, पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतील. 1600 मीटरची तयारी. अंधार, धुकं, समोरून उसाचा नाहीतर कापसाचा ट्रक, आणि पोराच्या दोन्ही कानांत इअरफोनची बोंडं. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तरी मान वळत नाही. ही पोरं पाहिली, की मला एक शर्यत आठवते. ती सांगतोच.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. आम्ही दहा किलोमीटरची शर्यत ठेवली होती. आता लोक पाच किलोमीटरच्या पळापळीलाही मॅरेथॉन म्हणतात, चौकात बॅनर लावतात. अहो, मॅरेथॉन म्हणजे 42 किलोमीटर 195 मीटर. पावशेर दुधाला पायली म्हणून चालेल का? तर आमची साधी दहा किलोमीटर. शाळेपासून निघायचं, पाच किलोमीटरवरच्या रपट्याजवळ, म्हणजे बुटक्या पुलाजवळ, एक निळा ड्रम ठेवला होता, त्याला वळसा घालून परत यायचं. दिवस निवडला गजानन महाराजांच्या प्रकटदिनाचा, ती चूक माझी. सकाळी साडेसातला सुरू व्हायची शर्यत, पण झेंडी दाखवायला येणारे पाहुणे पोचले सव्वादहाला. पोरं उन्हात हारतुरे पाहत उभी. या पाहुण्यांच्या वेळेबद्दल एक वेगळं भाषण द्यायची माझी फार इच्छा आहे, पण असो.

आमचा एक पोरगा होता, सगळ्यात चपळ. नाव सांगत नाही, आता तो पोलीस खात्यात आहे, ऐकत असेल. त्यानं आठवडी बाजारातून शंभर रुपयाचा एमपीथ्री आणला होता. आगपेटीएवढा, मागे चिमटा असलेला. तो चड्डीच्या नाडीला लावला, तार बनियनच्या आतून वर घेतली आणि बोंडं कानात. मी म्हटलं, "काढ ते." तर म्हणतो, "सर, गाण्यावर पाय उचलते." तेवढ्यात झेंडी पडली.

रपट्यावर मी एका माणसाला उभं केलं होतं. एका हातात माझं स्टॉपवॉच, गळ्यात शिट्टी. दुसऱ्या हातात काय असेल? पन्नी. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. पोरगा येताना दिसला तेव्हा तो घोटून झालेला खर्रा नुकताच तोंडात गेला होता. त्याच वेळी फरदडीच्या कापसाची एक बैलगाडी रपट्यावर आली आणि नेमकी ड्रमासमोर थांबली. म्हणजे ड्रम गाडीच्या मागं, आणि आमच्या माणसाचं तोंड भरलेलं. शिट्टी वाजणार कशी? त्यानं घड्याळाचं बटण तेवढं बरोबर दाबलं, आणि हात वर करून "हूं, हूं" केलं. गाडीवाला ओरडला, "अबे पलट! पलट ना बे!" पोरानं पाहिलं, हसला, हात हलवून टाटा केला आणि सरळ पुढं गेला. त्याला वाटलं, लोक शाबासकी देऊन राहिले.

मागून दुसरा येत होता, म्हणून आमच्या माणसाला जागा सोडता येईना. आणि हा पोरगा पळतोय. सहा किलोमीटर झाले, सात झाले. आठव्याला पुढचं गाव लागलं. तिथं रस्त्यावरच मंडप, महाप्रसादाची तयारी, पत्रावळी मांडलेल्या, पिठल्याची गंजं चुलीवर. पोराच्या मनात आलं, इतक्या वेळचं वळण काही दिसत नाही, हेच असेल. तर त्यानं मंडपाला वळसा घातला. पूर्ण वळसा! छातीवर नंबर लावलेला पोरगा महाराजांच्या फोटोभोवती पळतोय म्हटल्यावर गावातली चारपाच लेकरंही त्याच्या मागं धावली. बायांना वाटलं, प्रदक्षिणा घालतोय, काही नवस असेल. तेवढ्यात एक म्हातारी उठली. तिनं त्याचं बनियन धरलं, कानातली तार हिसकली आणि म्हणाली, "बापा, जोडे घालून परदक्षिना घालते का? काढ आधी."

तेव्हा कुठं त्याला ऐकू आलं.

इकडं बक्षीस वाटून झालं. भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्याच पोराला गेलं. एकच्या सुमारास एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आमचे हे साहेब उतरले. छातीवर नंबर तसाच, हातात बुंदीचा द्रोण. मी इतका रागावलो होतो, म्हटलं, "अरे, असं कोणतं गाणं ऐकत होता, सांग तरी!"

"सर, गाणं कायचं? बॅटरी तं दुसऱ्याच किलोमीटरले उतरली."

"मग बोंडं कानात कशाला ठेवली?"

"काढली तं तार छातीवर आदळते. ठेवू कुठी? चड्डीले खिसा नाही."

यावर काय बोलणार? पण खरी गंमत पुढं आहे. रपट्यावरचं घड्याळ मी पाहिलं, पाच किलोमीटर साडेसतरा मिनिटं. त्याआधी तो एकोणीसच्या आत कधी आला नव्हता. तीन किलोमीटर गाण्याशिवाय, आणि वेळ सगळ्यात चांगली. मी विचारलं, हे कसं? तर म्हणाला, "सर, कान बंद असले का श्वास लय मोठा आयकू येते. मंग त्याच्यावरच पाय टाकत गेलो."

कानांत बोटं घालून पाहा, खरंच ऐकू येतो. आत्ता नका घालू, मी ऐकू येणार नाही.

तेव्हापासून माझं मत ठरलं. लांब धावणाऱ्याचा ताल त्याच्या श्वासात असतो. गाणं वर चढलं की पोरगं पहिल्याच दोन किलोमीटरला उधळतं, आणि श्वास लागलेला त्याला कळत नाही, कारण ऐकूच येत नाही. कळतं तेव्हा सहावा किलोमीटर असतो आणि पोटात कळ आलेली असते.

आता शास्त्र काय म्हणतं तेही सांगतो, थोडक्यात. गाण्याचा फायदा होतो, हे खोटं नाही. 1911 साली अमेरिकेत लेनर्ड आयर्स यांनी न्यूयॉर्कमधल्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीतलं निरीक्षण छापलं. बँड वाजत असताना सायकलस्वारांचा वेग ताशी 31.5 किलोमीटरच्या आसपास, बँड थांबला की 28.8. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास कारागिओर्गिस यांनी तर आयुष्यभर हाच अभ्यास केला. मध्यम वेगानं पळत असाल तर गाण्यामुळं थकवा सुमारे 10 टक्के कमी जाणवतो. पण जीव तोडून पळायला लागलात, की गाण्याचं काही चालत नाही, शरीर आपलंच सांगतं. आणि 1998 साली बर्मिंगहॅमला इथिओपियाचा हायले गेब्रसेलासी छताखालच्या मैदानावर 2000 मीटर पळाला, तेव्हा त्याच्या आवडीचं गाणं स्पीकरवर लावलं होतं. जागतिक विक्रम झाला.

मास्तर, मग तुमचं काय राहिलं? असं कुणी म्हणेल. पण नीट ऐका. न्यूयॉर्कचा बँड सगळ्यांना ऐकू येत होता. बर्मिंगहॅमचा स्पीकरही सगळ्यांना ऐकू येत होता. एकट्याच्या कानात कोंडलेलं गाणं वेगळं. म्हणूनच जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमात स्पर्धेच्या जागेत मोबाइल, गाणी वाजवणारं यंत्र, अगदी रेडिओसुद्धा वापरणं ही मनाई असलेली मदत धरतात. रेडिओसुद्धा, आणि हे मी रेडिओवर बसून सांगतोय! 2009 साली अमेरिकेत मिलवॉकीच्या मॅरेथॉनमध्ये एका बाईचं पहिलं बक्षीस गेलं, कारण धावताना तिनं काही वेळ आयपॉड लावला होता.

आपल्याकडे हे कुणी पुस्तकातून शिकलेलं नाही. शेगावची पालखी महिनाभर चालत पंढरपूरला जाते, ती टाळ-मृदंगावर. अकोल्याची कावड घ्या. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायचं आणि सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी अकोल्याला राजराजेश्वरापर्यंत आणायचं. मी तरुणपणी पाच वर्षं खांदा दिला. "हर्र बोला महादेव" म्हटलं की खांद्यावरचं ओझं हललं, ताशा थांबला की सगळे थांबले, पाणी प्यायले. मागून गाडी आली तर शेवटचा ओरडायचा आणि पहिल्याला ऐकू जायचं. आता कावडीतही डीजे शिरलाय, शेजारचा काय बोलतो ते कळत नाही, छाती धडधडते ती वेगळीच. मला विचाराल तर ताशाच बरा.

तेव्हा पुन्हा एकदा. मैदानात, एकटं, कंटाळवाण्या फेऱ्या मारायच्या असतील, तर गाणी लावा. रस्त्यावर दोन्ही कान उघडे. फारच हौस असेल तर एका कानात, तोही रस्त्याच्या बाजूचा नको, शेताच्या बाजूचा. आणि आयांनो, पोरांच्या चड्डीला खिसा शिवा.

परवा त्या पोराचा फोन आला होता. म्हणाला, "सर, पहाटे बंदोबस्ताले रस्त्यावर उभा रायतो. भरतीवाले पोट्टे कानात घालून मधातून पयतात. शिट्टी मारून मारून गालफडं दुखते, आयकतच नाही."

मी विचारलं, "मग काय करतात?"

म्हणाला, "हात हलवतात, सर."