कॉल राउटिंगचा पॅच: लावण्याआधी काढण्याचा विचार

ओळख करून देताना मला पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरवर चढवायची दुरुस्ती, लावण्यातला जाणकार म्हटलं गेलं. खरं सांगायचं तर माझ्या जास्त रात्री पॅच काढण्यात गेल्या आहेत. आज बोलणार आहे ते त्याबद्दलच.

कॉल सेंटरला फोन करणाऱ्याला फक्त ‘एक दाबा, दोन दाबा’ ऐकू येतं. त्याचा कॉल कोणत्या एजंटकडे जाणार हे मागे राउटर ठरवतो. सिस्कोची यंत्रणा तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हाताखालून गेली असेल, म्हणून तीच समोर ठेवतो. मूळ सॉफ्टवेअर जिओटेल या कंपनीचं, सिस्कोने ती कंपनी १९९९ मध्ये विकत घेतली. जुनी मंडळी अजूनही त्याला आयसीएमच (इंटेलिजंट कॉन्टॅक्ट मॅनेजमेंट) म्हणतात. त्यात राउटर निर्णय घेतो, लॉगर कॉन्फिगरेशन आणि नोंदी एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये सांभाळतो आणि कोण एजंट मोकळा आहे, कोण बोलतोय याची खबर पेरिफेरल गेटवे आणतो.

हे सगळं जोडीने असतं: साइड ए आणि साइड बी. यातली गंमत अशी की दोन राउटरपैकी एक राबतोय आणि दुसरा झोपलाय, असा प्रकार नसतो. दोघांना तेच संदेश त्याच क्रमाने मिळतात आणि दोघेही तोच हिशेब करत असतात. मधल्या खासगी लिंकवरून दर १०० मिलिसेकंदांनी ‘मी आहे’ असा संकेत जातो. असे सलग ५ संकेत चुकले की समोरची बाजू पडली असं धरलं जातं.

या जोडीमुळेच कॉल चालू ठेवून पॅच लावता येतो. एक बाजू थांबवा, पॅच लावा, सुरू करा, मग दुसरी बाजू घ्या. ऐकायला सोपं आहे. पण मधला सगळा वेळ यंत्रणा एका पायावर उभी असते. शिवाय एकाच हिशेबासाठी दोन बाजूंना दोन वेगवेगळे कोड असले, तर उत्तरं जुळतीलच याची खात्री कोण देणार? म्हणून काही पॅचच्या सूचनांत दोन्ही बाजू थोडा वेळ एकदम बंद ठेवायला सांगितलेलं असतं. ती ओळ घाईत वाचू नका. आणि ए बाजूला पॅच लावून ‘बीचं उद्या बघू’ म्हणत घरी तर मुळीच जाऊ नका.

आता काढण्याकडे येतो. पॅच लागतो तेव्हा इन्स्टॉलर जुन्या फायली बाजूला जपून ठेवतो आणि काढताना त्याच परत जागेवर आणतो. त्यामुळे क्रम उलटा धरावा लागतो. पहिल्यावर दुसरा पॅच चढवला असेल, तर आधी दुसरा उतरवायचा. पहिल्यात खोट निघाली आणि दुसऱ्यात तुम्हाला हवी असलेली दुरुस्ती आहे, तरी दोन्ही जातात. अशा वेळी फोनवर वरिष्ठांना हे समजावून सांगणं हे पॅच काढण्यापेक्षा जड काम आहे.

एका रात्री पहाटे दोनच्या सुमारास मी साइड ए थांबवली. नुसत्या प्रोसेस मारल्या नाहीत, कारण त्यांच्यावर लक्ष ठेवणारा नोड मॅनेजर त्या लगेच पुन्हा उठवतो. सर्व्हिस कंट्रोलमधून रीतसर सर्व्हिस बंद केल्या आणि त्या ‘मॅन्युअल’वर टाकल्या, म्हणजे मशीन रीबूट झाल्यावर माझ्या परवानगीशिवाय काही उठणार नाही. मग पॅच काढायला घेतला. अर्ध्यात अडला. एक फाइल वापरात आहे म्हणे. सगळं बंद, तर वापरतंय कोण? पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. वीस मिनिटं मी अँटिव्हायरसला शिव्या घालत होतो.

शेवटी टास्क मॅनेजरमध्ये युजरची यादी उघडली. माझंच नाव तिथे दोनदा! दुपारी लॉग बघायला मी रिमोटने आत शिरलो होतो आणि जाताना लॉग-ऑफ न करता नुसती खिडकी फुलीवर बंद केली होती. सेशन तुटलं, पण आत काळी कमांड विंडो तशीच उघडी होती, लॉग वाचायचं डम्पलॉग हे साधन चालू ठेवून, थेट आयसीएमच्या बिन फोल्डरमध्ये, म्हणजे जिथे त्याच्या प्रोग्रॅमच्या फायली असतात तिथेच. ती बंद केली आणि पॅच दोन मिनिटांत निघाला. बिचाऱ्या अँटिव्हायरसचा काही दोष नव्हता. तेव्हापासून काम सुरू करण्याआधी मशीनवर कोण कोण बसलंय ते बघतो, त्यात स्वतःलाही धरतो.

काढून झाल्यावर ‘सर्व्हिस हिरवी दिसली’ एवढ्यावर विसंबू नका. फायलींचे व्हर्जन दोन्ही बाजूंना ताडून बघा. सर्व्हिस परत ‘ऑटोमॅटिक’वर करा, हे हमखास विसरतं. मग प्रत्येक मुख्य नंबरवर स्वतः कॉल लावा आणि तो योग्य स्किल ग्रुपमध्ये, म्हणजे त्या कामाच्या एजंटांच्या गटात, वाजतोय का ते कानाने ऐका.

एक गोष्ट मात्र पॅच काढून परत येत नाही. पॅचने डेटाबेसच्या रचनेलाच हात घातला असेल, तर फायली जुन्या होतात आणि टेबलं नवीच राहू शकतात. तिथे लॉगरचा आधी घेतलेला बॅकअपच कामाला येतो. बॅकअप घेतलाय का विचारलं की सगळे मान डोलावतात. तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून कुणी पाहिलाय का, असं विचारलं की खोलीत शांतता पसरते. आत्ता पसरली तशीच. चला, तुमचे प्रश्न घेऊ.