नीलमातलं रेशीम

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

घरात नीलम आणल्यावर तो तीन रात्री उशाखाली ठेवून पाहिलाय, असे किती जण आहेत इथे? हात वर करायला लाजू नका. लाभतो की नाही हे मला सांगता येणार नाही, तो माझा प्रांत नाही. मी भिंग घेऊन बसणारा माणूस. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "खरा आहे ना?" बहुतेक वेळा मला "हो" म्हणावं लागतं. आणि तरीही तो माणूस फसलेला असतो. आज त्याच घोळाबद्दल बोलायचंय.

सुरुवात नावांपासून करू. नीलम, माणिक आणि पिवळा पुष्कराज हे तिन्ही एकाच खनिजाचे खडे. ते खनिज म्हणजे कुरुंद. हो, सुऱ्या-कात्र्यांना धार लावायला वापरतात तोच. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दसुद्धा आपल्या दक्षिणेतूनच तिकडे गेला. अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन, एवढाच त्याचा मसाला. शुद्ध असेल तर पाण्यासारखा बिनरंगी. त्यात किंचित क्रोमियम शिरलं की माणिक. नुसतं लोह असलं की पिवळा किंवा हिरवट. लोह आणि टिटॅनियम जोडीने आले की निळा. हे 'किंचित' म्हणजे शंभरात एक भागसुद्धा नाही, त्याहून कितीतरी कमी. तेव्हा नीलम निळाच असतो हा समज सोडून द्या. बाजारात गुलाबी, जांभळा, हिरवा, नारिंगी, सगळे नीलमच.

पुष्कराजाचा घोळ वेगळा. आपल्याकडे हे नाव दोन खनिजांना लावतात, पिवळ्या नीलमाला आणि टोपाझला. दहाच्या मापावर टोपाझची कठीणता आठ, नीलमाची नऊ. टोपाझ हाताला हलका लागतो आणि किमतीत तर तुलनाच नको. भरीला सुनेला, म्हणजे पिवळा स्फटिक, तोही याच नावाखाली खपवला जातो. म्हणून बिलावर 'पुष्कराज' एवढंच लिहून घेऊ नका, 'पिवळा नीलम' असं लिहून घ्या. वजनही कॅरेटमध्ये. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, जगात कुठेही. रतीचं तसं नाही. कच्ची रती वेगळी, पक्की वेगळी, आणि दुकानदार कोणती धरतोय ते त्यालाच ठाऊक.

आता मुख्य विषय, चांदणीचे खडे. बाजारात त्यांना स्टार नीलम, स्टार माणिक म्हणतात. मी दोन खडे फिरवायला दिलेत. एकेक जण मोबाइलचा टॉर्च वरून धरून बघा. ट्यूबलाइटखाली काही दिसणार नाही, एकच दिवा लागतो, नाहीतर ऊन. सहा किरणांची चांदणी दिसली? आता खडा हळूच कलता करा. चांदणी घुमटावरून सरकते.

हे कशामुळे होतं? शिवणाच्या डब्यातलं रेशमी धाग्याचं रीळ आठवा. उजेडात धरलं की धाग्यांना आडवी अशी एक चकाकती रेघ उमटते. नीलमात टिटॅनियमच्या खनिजाच्या, म्हणजे रुटाइलच्या, अतिशय बारीक सुया असतात. व्यापारात त्यांना सिल्कच म्हणतात, रेशीम. या सुया वाटेल तशा पडत नाहीत. स्फटिकाच्या षट्कोनी बांधणीप्रमाणे तीनच दिशांना रांगा लावतात. प्रत्येक रांगेची एक आडवी रेघ, तीन रेघा एकमेकींना छेदतात, झाले सहा किरण. खड्याला पैलू पाडले तर हे हरवतं, म्हणून तो गोल घुमटासारखा घडवतात. घुमटाचा माथा स्फटिकाच्या अक्षावर नेमका आला पाहिजे. कारागिराचा हात जरा चुकला की चांदणी एका कडेला जाऊन बसते. थायलंडच्या चंथाबुरीकडचे काळे स्टार नीलम प्रसिद्ध आहेत. काही खड्यांत रुटाइलच्या जोडीला दुसऱ्या खनिजाच्याही सुया असतात, त्यांत बारा किरण दिसतात.

सुया तयार कशा होतात, हे नीट ऐका, कारण पुढचा सगळा व्यापार त्यावर उभा आहे. खडक तापलेला असताना टिटॅनियम कुरुंदात विरघळलेलं असतं. तो फार सावकाश निवाला तर ते टिटॅनियम बाहेर पडून सुयांच्या रूपात थिजतं. पाक गार होताना साखर धरतो, तसंच काहीसं. मग खडा दुधाळ दिसतो आणि चांदणी देतो. आता हाच खडा पुन्हा तापवला तर? सुया विरघळतात, टिटॅनियम लोहाशेजारी जाऊन बसतं आणि खडा निळा होतो. म्हणजे चांदणी आणि निळाई या एकाच टिटॅनियमच्या दोन अवस्था. मला तर या धंद्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

श्रीलंकेत रत्नपुराच्या आसपास असे दुधाळ खडे खूप निघत. त्यांना गेउडा म्हणत आणि फारशी किंमत देत नसत. १९७०च्या दशकात थाई व्यापाऱ्यांनी ते मातीमोल भावात उचलले, १६०० अंशांच्या वर भट्टीत घातले आणि उत्तम निळे नीलम बाहेर काढले. श्रीलंकेला हे उमगेपर्यंत पुष्कळ माल समुद्रापार गेला होता. आज बाजारातले बहुतेक नीलम तापवलेलेच असतात. ते खोटे नाहीत, तापवणं व्यापारात मान्य आहे. पण न तापवलेल्याचा भाव लावून तापवलेला विकला तर काय म्हणायचं? खडा अस्सल, आणि गिऱ्हाईक फसलेलं.

त्यापुढची पायरी २००१ साली आली. कमळाच्या पाकळीसारखा गुलाबी-नारिंगी नीलम असतो, पदपराजा. नाव आपल्या पद्मरागावरूनच आलंय, फक्त संस्कृतात पद्मराग म्हणजे माणिक. हा रंग अतिशय दुर्मीळ. अचानक चंथाबुरीहून या रंगाचे खडे ढिगाने येऊ लागले. पुढच्या वर्षी उलगडा झाला की भट्टीत बेरिलियम नावाचं मूलद्रव्य खड्याच्या आत शिरत होतं. ते आलं होतं क्रिसोबेरिलच्या तुकड्यांतून, म्हणजे आपला लसण्या ज्या खनिजाचा असतो त्यातून! लसण्याने नीलमाला रंगवलं. हे भिंगातून ओळखणं फार कठीण. खात्री करायची तर लेझरने कणभर पदार्थ उडवून तपासावा लागतो, आणि तसं यंत्र मोजक्याच प्रयोगशाळांत असतं. काही पिवळे खडे किरणोत्साराने रंगवतात, ते तर उन्हात फिके पडतात. खिडकीत ठेवून आठवडाभराने बघा, हा उशाखालच्या प्रयोगापेक्षा बरा प्रयोग आहे!

आणि कारखान्यातला नीलम? ऑग्यूस्त व्हेर्नोय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वालेत भुकटी वितळवून माणिक बनवण्याची पद्धत १९०२ साली जाहीर केली. १९४७मध्ये अमेरिकेतल्या लिंडे कंपनीने त्यात जास्तीचं टिटॅनियम घालून, नंतर खडा पुन्हा तापवून, आत सुया पाडल्या आणि चांदणीसुद्धा बनवली. कारखान्यातली चांदणी फार नेटकी असते, रेघ ओढल्यासारखी, काठापर्यंत भिडलेली. निसर्गाच्या चांदणीचा एखादा पाय आखूड असतो, मध्ये जरा धूसर असतं. खडा उलटा करूनही बघा. अस्सल खड्याचं बूड बहुधा ओबडधोबड आणि जाड असतं. ते जाड का ठेवतात हे सांगायला नको, पैसे वजनावर मोजायचेत. भिंगातून वक्र रेषा किंवा हवेचे बुडबुडे दिसले की समजायचं, खडा भट्टीत जन्मलाय.

जगातला सगळ्यात नावाजलेला चांदणीचा खडा न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे, ५६३ कॅरेटचा. नाव 'स्टार ऑफ इंडिया', गाव श्रीलंका. चांदणी त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. ऑक्टोबर १९६४मध्ये तो चोरीला गेला. त्या पेटीला धोक्याची घंटा होती, पण तिची बॅटरी कधीचीच संपलेली. काही महिन्यांनी खडा मायामीतल्या एका बस स्टँडच्या लॉकरमध्ये सापडला. बसायला सीट मिळावी म्हणून रुमाल टाकावा, तसा.

मघाशी कुणीतरी विचारलं, मग दुकानात विचारायचं तरी काय? तीन गोष्टी विचारा. जमिनीतला की कारखान्यातला? तापवलाय का? आणि तापवताना बाहेरून काही घातलंय का? उत्तरं बिलावर लेखी घ्या. प्रयोगशाळेच्या दाखल्यात "तापवल्याच्या खुणा आढळल्या नाहीत" असं असेल, तर ते वाक्य शब्दशः वाचा. ज्याने लिहिलंय त्याने खुणा शोधल्या आणि त्याला त्या सापडल्या नाहीत, एवढंच तो म्हणतोय. प्रामाणिक माणूस यापलीकडे लिहीत नाही.

फिरवायला दिलेल्या दोन खड्यांपैकी एक रत्नपुऱ्याचा आणि एक भट्टीतला. कोणता कुठला ते आता बूड बघून तुम्हीच सांगा. आणि दोन्ही परत येऊ द्या हं, त्यातला एक उसना आणलाय.